सस्तन मांसाची ॲलर्जी आणि पाकीटबंद पदार्थ : पुण्यातल्या तपासणीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

कामाची आखणी. अल्फा-गॅल ॲलर्जी असलेल्या माणसाच्या घरी किराणा भरताना पाकीट हातात घेऊन अर्ध्या मिनिटात निर्णय घेता यावा, एवढंच या प्रकल्पाचं उद्दिष्ट. त्यासाठी दोन गोष्टी तयार करतोय: पाकीट वाचण्याचा ठरलेला क्रम आणि तपासलेल्या पाकिटांची सामायिक शीट. नुसती ब्रँडची यादी केली नाही, कारण घटक बदलतात आणि जुनी यादी धोक्याची ठरते.

नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी थोडक्यात. अल्फा-गॅल ही एक साखर आहे, दोन गॅलॅक्टोज विशिष्ट पद्धतीने जोडलेले. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, ससा यांच्या शरीरात ती असते. माणसात आणि त्याच्या जवळच्या वानरांत नसते. काही जातींच्या गोचिडी चावल्यावर शरीर या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. अमेरिकेत लोन स्टार, युरोपात इक्सोडिस रिसिनस, ऑस्ट्रेलियात इक्सोडिस होलोसायक्लस या गोचिडी त्यासाठी ओळखल्या जातात. सेटक्सिमॅब या कॅन्सरवरच्या औषधाच्या पहिल्याच डोसाला अमेरिकेच्या ठरावीक भागातल्या रुग्णांना तीव्र ॲलर्जी का येते, याचा शोध घेताना २००८ मध्ये या साखरेचं नाव पुढे आलं.

कोंबडी, बदक, अंडी, मासे, कोळंबी यांत अल्फा-गॅल नाही. मटण, बीफ, पोर्क, चरबी, जिलेटिन (गुरा-डुकरांच्या हाडा-कातडीपासून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) यांत आहे. त्रास बहुतेकदा खाल्ल्यानंतर २ ते ६ तासांनी सुरू होतो: अंगावर गांधी, पोटात मुरडा, उलटी, जुलाब, आणि वाढलं तर श्वास व रक्तदाब. रात्री साडेआठला जेवलेल्या माणसाला दीड-दोनला जाग येते आणि संशय जातो मच्छरांवर नाहीतर शिळ्या भातावर. म्हणून शीटमध्ये ‘काय खाल्लं’ याच्या शेजारी ‘किती वाजता खाल्लं’ हा रकाना सक्तीचा ठेवला आहे.

५ जून

एकच यादी सगळ्यांना लागू पडणार नाही, हे आखणीतच मान्य करायला हवं. तीन पातळ्या ठरवल्या.

पहिली पातळी: मांस, चरबी, जिलेटिन बंद, दूध चालतं. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. दुसरी पातळी: दूध आणि दुधाचे पदार्थही बंद. तिसरी पातळी: त्याशिवाय कॅराजिननही (लाल शेवाळापासून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) बंद. कोण कुठल्या पातळीवर, हे ॲलर्जीच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी आणि लक्षणं बघून ठरवायचं. ‘हे खाऊन बघू’ असा प्रयोग घरी करायचा नाही, आणि पाकीट पहिल्यांदाच फोडायचं असेल तर ते रात्रीच्या जेवणाला नको.

फॅट जास्त तर धोका जास्त, हेही शीटमध्ये दिसायला हवं. साय काढलेलं दूध निभावणाऱ्या माणसाला क्रीमने भरलेलं आइसक्रीम त्रास देऊ शकतं. म्हणून दुधाच्या पदार्थांपुढे १०० ग्रॅममधलं एकूण फॅट लिहितोय. पोषण तक्त्यात ते असतंच. दारू, जोराचा व्यायाम आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे तोच पदार्थ त्या दिवशी जास्त बाधू शकतो, म्हणून त्यांचाही रकाना आहे.

९ जून

आज सगळा वेळ चिन्हांवर दिला. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका आणि तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण. जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपका दिसायचा. २०२० च्या लेबलिंग नियमांनी त्याचा त्रिकोण केला.

एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, व्याख्येत मांसाहारी म्हणजे कुठल्याही प्राण्याचा, पक्ष्याचा, माशाचा भाग, अंडं किंवा प्राणिजन्य पदार्थ असलेलं अन्न. दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण, लाख यांना त्यातून वगळलं आहे. आपल्या कामासाठी याचा अर्थ असा:

हिरवा ठिपका असेल तर जिलेटिन, चरबी, हाडांचं फॉस्फेट आणि प्राण्याच्या चरबीपासून केलेले इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे घटक) असायला नकोत. पहिल्या पातळीच्या माणसाचं काम तिथेच संपतं. दुसऱ्या-तिसऱ्या पातळीला मात्र हिरवा ठिपका पुरत नाही, कारण व्हे आणि केसिनेट (दोन्ही दुधातली प्रथिनं), मिल्क सॉलिड्स, खवा, तूप सगळं हिरव्यात बसतं, आणि समुद्री शेवाळापासून केलेलं कॅराजिननही.

तपकिरी त्रिकोण असेल तर प्राणी कुठला ते कळत नाही. अंड्याचा केक, चिकन नगेट, माशाचं लोणचं आणि जिलेटिनचा मार्शमॅलो, चौघांवर तोच त्रिकोण. अल्फा-गॅलवाल्याला पहिले तीन चालू शकतात, चौथा नाही. घरोघरी ‘तपकिरी म्हणजे नकोच’ असा नियम केला जातो आणि अंडी-चिकनसारखं सोयीचं प्रथिन विनाकारण ताटातून जातं. दुधावरही बंदी असलेल्या माणसाला ते परवडणारं नाही.

हिरव्या व्ही आणि पानाचं व्हीगन चिन्ह २०२२ च्या नियमांमुळे आलं. दुसऱ्या पातळीला ते सगळ्यात सोयीचं. तिसऱ्याला नाही, कारण कॅराजिनन व्हीगनच आहे.

ॲलर्जीच्या ठळक ओळीबद्दल गैरसमज होऊ नये. कायद्याने जाहीर करायचे गट आठ: ग्लूटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेव्याच्या बिया, सोयाबीन, आणि १० मिलिग्रॅम प्रतिकिलोपासून पुढे सल्फाइट. सस्तन प्राण्यांचं मांस किंवा जिलेटिन या आठांत नाही. म्हणजे दुसऱ्या पातळीला दुधासाठी ती ओळ हक्काची आहे. जिलेटिनसाठी तिच्यावर विसंबणं चूक.

१३ जून

आयएनएस आकड्यांचा, म्हणजे अन्नात घातल्या जाणाऱ्या पूरक घटकांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांचा, तक्ता. पाकिटावर नाव नसेल तर आकडा असतो, म्हणून पैशाच्या पाकिटात ठेवण्याजोगं कार्ड केलं आहे.

तपकिरी त्रिकोणाच्या पाकिटावर दिसले तर थांबून विचारायचे: ४७१ आणि ४७२ चा सगळा गट, ४८१, ४८२, ४९१, ४७०, ५७०, ५७२, ४२२, ५४२. यातला ५४२ म्हणजे हाडांचं फॉस्फेट, तो सरळ शीटच्या ‘नको’ मध्ये (बाकीचे दोन निर्णय ‘चालेल’ आणि ‘विचारून’). बाकीचे वनस्पती तेलापासूनही होतात आणि चरबीपासूनही. परदेशी पाकिटांवर ई ४४१ असेल तर ते जिलेटिन.

हिरव्या ठिपक्यासोबत हेच ४७१ आणि ४७२ आले तर थांबायचं कारण नाही. ही एक गोष्ट नीट समजली की तपासणीचा निम्मा वेळ वाचतो. पावापासून बिस्किटापर्यंत ४७१ सगळीकडे असतं, आणि हिरव्या पाकिटात तो वनस्पतीजन्यच असायला हवा.

उगाच घाबरवणारे आकडे: १२० आणि ९०४ कीटकांपासून, ९०१ मधमाशीचं मेण, ११०५ अंड्यातलं लायसोझाइम. शाकाहारी माणसाला हे महत्त्वाचे, अल्फा-गॅलसाठी नाहीत. ३२२ लेसिथिन बहुधा सोयाचं. ४०६ अगर, ४१० लोकस्ट बीन, ४१२ गवार गम, ४१५ झँथन, ४४० पेक्टिन: पाचही वनस्पती, शेवाळ किंवा किण्वनातून.

४०७ आणि ४०७ए लाल शाईने लिहिले आहेत. त्याची कारणं पुढच्या नोंदीत.

१७ जून

कॅराजिनन. आपल्याकडे याला वेगळं महत्त्व आहे, आणि परदेशी माहितीपत्रकं वाचून ते लक्षात येत नाही.

युरोप-अमेरिकेत जेली म्हटलं की जिलेटिन. आपल्याकडे हिरवा ठिपका मिळवायचा म्हणून उत्पादक जिलेटिनऐवजी दुसरं काही वापरतात, आणि ते बऱ्याचदा ४०७ असतं. म्हणजे पहिल्या पातळीच्या माणसाला आपल्या वाण्याकडची व्हेज जेली दिलासा देते आणि तिसऱ्या पातळीच्या माणसाला तीच गोत्यात आणते. लाल शेवाळातलं कॅराजिनन ही गॅलॅक्टोजचीच साखळी आहे आणि तिच्यातली काही जोडणी अल्फा-गॅलसारखी आहे. प्रत्येकाला त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना हिरव्या पाकिटातूनच होतो आणि कारण सापडायला वेळ लागतो.

कुठे शोधायचं: जेली क्रिस्टल, चॉकलेट किंवा बदाम चवीचं बाटलीतलं दूध, आइसक्रीम आणि फ्रोजन डेझर्टमधलं स्टॅबिलायझरचं मिश्रण, टेट्रापॅकमधलं क्रीम, सोया व बदामाचं दूध, चिकन सलामी आणि हॅम. शेवटच्या दोनांत ते पाणी धरून ठेवायला घालतात. घटक यादीत ‘स्टॅबिलायझर (४१०, ४१२, ४०७)’ अशी ओळ असते आणि नजर पहिल्या आकड्यावर थांबते. कंस पूर्ण वाचायचा.

फ्रोजन डेझर्टबद्दल आणखी एक. त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती फॅट असतं, म्हणून दुसऱ्या पातळीची माणसं ते सुरक्षित समजतात. पण मिल्क सॉलिड्स त्यातही असतात. दुसऱ्या पातळीला ‘नको’.

घरी जेली करायची तर चायना ग्रास, म्हणजे अगर, घ्यावा. सुटं घेऊ नका. घटक छापलेलं पाकीट घ्या. अगर पाण्यात नीट उकळून विरघळवावा लागतो, साधारण ३५ ते ४० अंशांना घट्ट होतो आणि पुन्हा वितळायला ८५ च्या आसपास तापवावा लागतो. जिलेटिन तोंडाच्या उष्णतेनेच वितळतं. लग्नाच्या बुफेत जेली समोर आली की हा फरक सांगून काही सिद्ध होत नाही, कारण चव घेऊनच तो कळतो. तिथे सरळ ‘नको’.

टूथपेस्टच्या घटकांतही कॅराजिनन सापडतं. अन्न नाही, तरी तिसऱ्या पातळीच्या शीटमध्ये एक ओळ जोडली.

२० जून

फरसाण, बाकरवडी, चिवडा, खाकरा, पोहे, मसाले, लोणची. इथे फार काम नाही. हिरवा ठिपका, वनस्पती तेल. दुसऱ्या पातळीसाठी फक्त दूध पावडर, चीज पावडर आणि तूप बघायचं. चटपटीत चवीच्या चिप्सच्या मसाल्यात व्हे पावडर बरेचदा असते.

बिस्किटांत दुसऱ्या पातळीसाठी ‘मिल्क सॉलिड्स’ आणि ‘बटर’. नानकटाई पाकिटावर तूप म्हणते की वनस्पती, ते बघायचं. श्रीखंड, बासुंदी, खव्याची मिठाई पहिल्या पातळीला चालते, फॅटचा आकडा बघून.

२४ जून

चिकन सॉसेज. कॅम्पातल्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत मिळणाऱ्या गोठवलेल्या पाकिटांपासून सुरुवात केली. ‘चिकन आहे, म्हणजे चालतं’ हे इथे खरं नाही. प्रत्येक पाकिटाला चार वेगळे प्रश्न विचारायचे.

मांस: ‘चिकन’ एवढंच लिहिलंय की ‘मीट’ असा मोघम शब्द आहे? मोघम शब्द असेल तर पाकीट परत.

फॅट: कोंबडीची कातडी किंवा वनस्पती तेल चालतं. डुकराची किंवा गोवंशाची चरबी वापरली असेल तर ती तशी नावानिशी लिहावी लागते, ‘प्राण्याचं फॅट’ एवढ्यावर भागत नाही. ही तरतूद आपल्या बाजूची आहे.

आवरण: इथेच सगळे फसतात. सॉसेजचं आवरण चार प्रकारचं असतं. सेल्युलोजचं कारखान्यातच सोलून काढतात, त्याचं सॉसेज ‘स्किनलेस’ म्हणून विकतात. अल्जिनेटचं शेवाळापासून होतं. कोलॅजेनचं साधारणपणे गुरांच्या कातडीपासून होतं आणि खाल्लं जातं. नैसर्गिक आवरण म्हणजे मेंढीचं किंवा डुकराचं आतडं, तेही खाल्लं जातं. मांस शंभर टक्के चिकन आणि आवरण सस्तन प्राण्याचं, असं सॉसेज पूर्ण ‘नको’ मध्ये जातं. दिसण्यावरून अंदाज येतो: सोललेलं सॉसेज सरळ आणि मऊ, कोलॅजेनचं एकसारखं वाकलेलं, आतड्याचं कमी-जास्त जाड आणि टोकाला पिळा असलेलं. पण अंदाजावर शीटमध्ये ‘चालेल’ लिहायचं नाही. ‘स्किनलेस’ हा शब्द छापलेला हवा, नाहीतर कंपनीचं लेखी उत्तर.

बाइंडर, म्हणजे मिश्रण बांधून ठेवणारा घटक: दुसऱ्या पातळीसाठी केसिनेट आणि मिल्क प्रोटीन, तिसऱ्यासाठी ४०७.

सलामी काउंटरवर कापून घेऊ नये. त्याच पात्यावर हॅम आणि बेकन कापलं जातं. कारखान्यात बंद झालेलं पाकीटच घ्यायचं.

आणखी एक पळवाट लक्षात ठेवायची. एखादा मिश्र घटक ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक उलगडून लिहिण्याची सक्ती नाही, अॅडिटिव्ह सोडून. गोठवलेल्या पिझ्झावर ‘चिकन सॉसेज ४%’ असेल तर आवरणाचा उल्लेख सापडणारच नाही. असे पदार्थ ‘विचारून’ या रकान्यात.

२७ जून

लहान पाकिटं आणि बरणीतल्या गोळ्या. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटक यादी छापायची सक्ती नाही. ती बाहेरच्या मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर असावी लागते. वाण्याकडे सुटी गोळी घेताना बरणी फिरवून मागची चिठ्ठी वाचायची, दुकानदाराला विचारून तिचा फोटो घ्यायचा. चिठ्ठी फाटली असेल किंवा एका बरणीत दुसराच माल भरला असेल तर घ्यायचं नाही. शाळेतल्या वाढदिवसाच्या खाऊत चघळायच्या मऊ गोळ्या याच वाटेने येतात, म्हणून मुलांच्या पालकांसाठी ही नोंद वेगळी काढून ठेवली आहे.

बेकरीतला मोकळा माल: चकचकीत जेल लावलेली पेस्ट्री, मूस आणि न भाजलेला चीजकेक यांत जिलेटिन असू शकतं. विचारताना ‘एगलेस आहे का’ असं विचारलं तर भलतंच उत्तर मिळतं. ‘जेलचा डबा दाखवा’ म्हणावं आणि डब्यावरचे घटक वाचावेत.

१ जुलै

अमेरिकेहून आलेली बॅग. पुण्यात जवळपास प्रत्येक सोसायटीत कुणाचा ना कुणाचा मुलगा तिकडे आहे, आणि सुट्टीत येणाऱ्या खाऊवर हिरवा-तपकिरी काहीच नसतं. आयात होऊन दुकानात आलेल्या मालावर निदान आयातदाराचं स्टिकर, परवाना क्रमांक आणि चिन्ह असतं. बॅगेतल्यावर तेही नाही.

तिथे बघायचं: गमी आणि मार्शमॅलोत जिलेटिन, फ्रॉस्टिंग लावलेल्या सिरियलमध्ये, कमी फॅटच्या दह्यात आणि काही पुदिन्याच्या गोळ्यांतही जिलेटिन, डबाबंद राजमा, टॉर्टिया आणि पायच्या आवरणात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. ‘नॅचरल फ्लेवर’ या शब्दाच्या अमेरिकी व्याख्येत मांसापासून काढलेली चवही बसते. अमेरिकी कायद्याच्या मुख्य ॲलर्जनांची यादी नऊची आहे, तीळ शेवटी जोडला गेला. मांस त्यातही नाही. यहुदी कोशर चिन्हाचा थोडा उपयोग होतो: ‘पारेव्ह’ म्हणजे मांस नाही, दूध नाही. मात्र जिलेटिनच्या बाबतीत पारेव्हवरही थांबायचं नाही, घटक यादी वाचायचीच.

आयात मालावर कधी कधी स्टिकर मूळ घटक यादीवरच चिकटवलेलं असतं. मूळ यादी वाचता येत नसेल तर पाकीट ‘विचारून’ मध्ये.

४ जुलै

कॅप्सूल आणि पूरक गोळ्या. प्रोटीन पावडर, ओमेगा-३, मल्टिव्हिटॅमिन गमी हे अन्न म्हणून विकलं जातं तेव्हा चिन्ह आणि घटक दोन्ही मिळतात. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर तसं नाही. पट्टीवर मुख्य औषध आणि ‘कॅप्सूलच्या टोपणात मान्यताप्राप्त रंग’ एवढंच असतं. टोपण कशाचं ते न लिहिलेली कॅप्सूल जिलेटिनची धरायची.

पर्यायांची नावं: हायप्रोमेलोज किंवा एचपीएमसी म्हणजे वनस्पतीजन्य कडक कॅप्सूल, पहिल्या दोन पातळ्यांना चालते. काही एचपीएमसी कॅप्सूलमध्येही कॅराजिनन असतं, म्हणून तिसऱ्या पातळीला विचारूनच. ‘व्हेज सॉफ्टजेल’ मात्र बऱ्याचदा स्टार्च आणि कॅराजिननची असते, म्हणजे तिसऱ्या पातळीला नाही. आठवड्याला घ्यायचं ६०,००० युनिटचं डी-३ मऊ कॅप्सूलमध्ये येतं तसं पावडरच्या पुडीत आणि छोट्या बाटलीतल्या द्रावणातही येतं. डॉक्टरांना चिठ्ठीवर तसं लिहून द्यायला सांगावं. केमिस्टने आपल्या मनाने बदलून देऊ नये.

कोलॅजेन पावडरवर ‘मरीन’ असेल तर माशाचं, ‘बोव्हाइन’ असेल तर गुरांचं. काहीच नसेल तर नको. कोलोस्ट्रमची पावडर म्हणजे गायीचा चीक, तो दुसऱ्या पातळीच्याही आधी वगळावा.

ऑपरेशन किंवा दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर जिलेटिनचं सलाईन, डुकराच्या आतड्यापासूनचं हेपरिन आणि प्राण्यांच्या ऊतींची हृदयाची झडप, हे तीन शब्द भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचे. आपल्या शीटचा विषय नाही, पण कार्डाच्या मागच्या बाजूला छापले आहेत.

९ जुलै

कंपन्यांना पाठवायच्या पत्राचा मजकूर. ‘तुमचं उत्पादन ॲलर्जीसाठी सुरक्षित आहे का?’ असं विचारलं की ‘आमची सर्व उत्पादनं नियमांनुसार आहेत’ असं छापील उत्तर येतं. त्यातून काही हाती लागत नाही. प्रश्न असा बंद करायचा की ‘हो’, ‘नाही’ किंवा प्राण्याचं नाव, एवढंच उत्तर देता येईल:

‘आपलं अमुक उत्पादन, वजन अमुक, बॅच क्रमांक अमुक. १) यातील जिलेटिन, कोलॅजेन किंवा सॉसेजचं आवरण गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी, शेळी यांपैकी कुणापासून आहे का, की माशापासून किंवा वनस्पतीजन्य आहे? २) आयएनएस ४७१ चा स्रोत वनस्पती की प्राणी? ३) घटक यादीत न छापलेल्या मिश्र घटकांत जिलेटिन, चरबी किंवा कॅराजिनन आहे का? ४) याच यंत्रावर मटण, बीफ किंवा पोर्कचे पदार्थ होतात का? ही माहिती वैद्यकीय कारणासाठी हवी आहे. कृपया लेखी कळवावे.’

बॅच क्रमांक घातल्याने पत्र ग्राहकसेवेकडून गुणवत्ता विभागाकडे जाण्याची शक्यता वाढते. फोनवर मिळालेलं उत्तर शीटमध्ये ‘चालेल’ म्हणून चढत नाही. लेखी येईपर्यंत ‘विचारून’.

१५ जुलै

शीटचे नियम पक्के केले. प्रत्येक ओळीत: पदार्थ, वजन, चिन्ह, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच, मागच्या बाजूचा वाचता येईल असा फोटो, तीन पातळ्यांचे तीन निर्णय, तपासल्याची तारीख.

परवाना क्रमांक का, असं विचारलं जातं म्हणून. एकाच ब्रँडचं एकच बिस्किट दोन-तीन कारखान्यांत होतं. पाकिटावर पत्ते सगळे असतात आणि ‘बॅचची पहिली अक्षरं बघा’ असं बारीक छापलेलं असतं. एका कारखान्याचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही, विशेषतः चौथ्या प्रश्नाचं.

वेष्टनावर ‘नवी चव’, ‘नवं रूप’ दिसलं, वजन बदललं किंवा परवाना क्रमांक वेगळा आला की जुना निर्णय रद्द आणि ओळ पिवळी. बदल नसला तरी सहा महिन्यांनी ओळ आपोआप पिवळी होते. पिवळी ओळ म्हणजे घटक पुन्हा वाचल्याशिवाय पाकीट घरात न्यायचं नाही.

मतभेद झाला तर कडक निर्णय लागतो: एकाने ‘चालेल’ आणि दुसऱ्याने ‘विचारून’ लिहिलं, तर ‘विचारून’.

पुढचं काम: मार्केट यार्डातल्या घाऊक मालाची खोकी, मोठ्या डब्यांतलं व्हीप क्रीम आणि केटररला पुरवलं जाणारं रेडी ग्रेव्ही बेस. व्हीप क्रीमच्या डब्यांवर ४०७ आणि केसिनेट दोन्ही शोधायचं आहे, तिथून सुरुवात.